पन्नासावा घोडा

आमची ताई खोटं बोलत नाही. लोक ह्याला गुण म्हणतात, कारण त्यांना तिच्याबरोबर लहानाचं मोठं व्हावं लागलेलं नाही. मला व्हावं लागलं. घरात काही फुटलं आणि आप्पांनी नुसत्या भुवया उंचावल्या की ही बया सरळ माझ्याकडे बोट दाखवायची. बरं, स्वतः फोडलं असेल तर तितक्याच थंडपणे स्वतःकडेही दाखवायची, त्यामुळे तिच्यावर चिडायची सोयही नव्हती.

पुढे तिने गाडी शिकवायची शाळा काढली. शाळा म्हणजे काय, एक अरुंद गाळा. भिंतीवर रस्त्याच्या खुणांचा तक्ता, कोपऱ्यात एका टेबलाला नटबोल्टने आवळलेलं जुनं स्टिअरिंग आणि त्याच्यासमोर खुर्ची. नवीन माणसाला ताई आधी आठवडाभर त्या टेबलावर गाडी चालवायला लावते. मोठमोठे साहेब तिथे बसून टेबल डावीकडे-उजवीकडे वळवत असतात आणि ही मागे उभी राहून ओरडते, "अहो, समोर भिंत आली! भिंतीवर चढवणार का?" शाळेच्या गाडीत तिच्या पायाशी वेगळा ब्रेक आहे. तो ती इतक्या वेळा दाबते की सगळं गाव तिला ब्रेकबाई म्हणतं. एका बड्या माणसाला तिने तिसऱ्याच दिवशी पैसे परत केले आणि सांगितलं, "तुम्ही पायी चाला. तुमचंही भलं होईल आणि रस्त्याचंही." तो अजून रस्त्यात दिसला की मान खाली घालतो.

तर अशी ही सत्यवादी. फक्त एका बाबतीत तिची गाडी जागची हलत नव्हती, आणि ती म्हणजे तिचं वजन.

लग्नाच्या वेळी ती अठ्ठावन्न किलो होती. त्यानंतर दोन बाळंतपणं झाली, शाळा सुरू झाली, दिवसभर सीटवर बसून राहायची सवय लागली, पण अठ्ठावन्न जे ठाण मांडून बसले ते बसलेच. कुणी विचारलं तर अठ्ठावन्न. डॉक्टरने विचारलं तरी अठ्ठावन्न. ती मुद्दाम थाप मारायची असंही म्हणवत नाही, कारण लग्नानंतर ती काट्यावर चढलीच नाही. तिच्या लेखी शेवटचा खरा आकडा तोच होता. आणि घरात हा विषय निघाला की सगळे मूग गिळून गप्प. एकदा मी तोंड उघडलं होतं, त्यानंतर तीन महिने तिने मला गाडीत घेतलं नाही, उन्हातान्हात चालत फिरलो.

गंमत बघा, माझा धंदाच वजनाचा. एका गोदामाच्या फाटकाशी मी वजनकाट्यावर बसतो. ट्रकांचा मोठा काटा आहे आणि टेम्पो, छोट्या गाड्या यांच्यासाठी तीन टनांचा लहान काटा आहे, तो किलोकिलोने आकडा दाखवतो. सगळ्या गावाचं ओझं माझ्या डोळ्यांखालून जातं. फक्त सख्खी बहीण काय ती सुटली होती.

आता आप्पांकडे येतो. आप्पा म्हणजे आमचे वडील, जन्मभर इंजिनं उघडली आणि जोडली. निवृत्त झाल्यावर कुणीतरी कंटाळून फुकट दिलेली दोन दरवाजांची एक जुनी गाडी त्यांनी घरामागच्या शेडमध्ये आणून ठेवली आणि तिचं इंजिन सुटं केलं. काही वर्षं ते सुटंच होतं. सतरंजीवर भाग मांडलेले असायचे आणि मध्ये आप्पा मांडी घालून बसलेले. त्यांचा हात आता थरथरतो, चहाचा कप बशीत वाजतो. नट धरताना डाव्या हाताने उजवं मनगट धरून ठेवतात. मदत करायला गेलं की खेकसतात. "हे शेवटचं," ते म्हणायचे. "एवढं एक नीट झालं की झालं. पन्नास घोड्यांची ताकद देईल बघ. नवीन होती तेव्हा पंचेचाळीसच द्यायची."

इंजिन जोडून झालं आणि गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली, तेव्हा आप्पांनी आनंदबिनंद काही दाखवला नाही. जावयाला बोलावून एवढंच म्हणाले, "जावईबापू, मोजा."

आमचे भाऊजी घड्याळं दुरुस्त करतात. काडीएवढा माणूस, पण काटेकोर. पाच वाजून गेले म्हणा, ते विचारणार किती गेले. त्यांनी आपली पद्धत आधी आम्हाला समजावून सांगितली. सपाट, सरळ रस्ता घ्यायचा. एकाच गिअरमध्ये गाडी एका वेगापासून दुसऱ्या वेगापर्यंत किती सेकंदांत जाते ते बघायचं. मग उलट दिशेने तेच करायचं, म्हणजे वारा आणि चढउतार यांचा हिशेब फिटतो. "पण सगळ्याच्या बुडाशी वजन आहे," ते म्हणाले. "दोन हमाल एकाच वेळात जिना चढले, पण एकाच्या पाठीवर जड पोतं होतं. मग जोर कुणाचा जास्त?"

"पोतंवाल्याचा," मी म्हणालो.

"म्हणून पोत्याचं वजन खरं पाहिजे. ते चुकलं तर घड्याळ कितीही बरोबर असून उपयोग नाही."

गाडी कुणी चालवायची हा प्रश्नच नव्हता. माझा पाय जड, भाऊजी गिअर टाकताना डोळे मिटतात आणि आप्पांच्या हाताचं सांगितलंच. चालवणार ताई. तिच्यासारखा हलका पाय कुणाचा नाही. पाय म्हणतोय मी, बाकीचं पुढे येईल.

कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर आम्ही सकाळी गेलो. ताईने गाडी दोन्ही बाजूंनी पळवली, पुनःपुन्हा पळवली. भाऊजी शेजारी बसले नाहीत, उगाच ओझं नको म्हणून. त्यांनी वेगाच्या काट्यासमोर एक छोटा कॅमेरा बांधला आणि नंतर चित्र बघून सेकंद काढले. मग गाडीच्या जुन्या कागदपत्रांत तिचं जे वजन लिहिलं होतं, सातशे ऐंशी, ते घेतलं, त्यात ताईचं वजन मिळवायला पेन्सिल उचलली आणि तिच्याकडे बघितलं.

"अठ्ठावन्न," ताई म्हणाली.

भाऊजींनी पेन्सिल टेकवायच्या आधी अगदी किंचित श्वास घेतला. ते तिचे नवरे आहेत. त्यांना काय दिसत नाही? पण संसार करायचा होता, त्यांनी अठ्ठावन्न लिहिलं.

उत्तर आलं सत्तेचाळीस.

आप्पांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. "सत्तेचाळीस? काहीतरीच काय!"

भाऊजीच धावून आले. "थांबा आप्पा, हे कागदावरचं वजन म्हणजे गाडी कारखान्यातून कोरडीठाक निघाली तेव्हाचं. आता टाकीत पेट्रोल आहे, तुम्ही बॅटरी मोठी बसवली, तळाला नवा पत्रा जोडला, मागे जादा चाक आणि जॅक आहे. जशी पळाली तशीच्या तशी तोलली पाहिजे."

म्हणजे वरात माझ्याकडे. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या! टाकी पुन्हा तितकीच भरून गाडी माझ्या लहान काट्यावर चढली आणि मी खिडकीतून शक्य तितक्या निरागसपणे म्हणालो, "ताई, तू आतच बस ना. गाडी आणि माणूस एकदमच तोलू. कशाला दोनदा त्रास?"

ताईने इंजिन बंद केलं. दार उघडलं. खाली उतरली आणि प्लॅटफॉर्मवरून चार पावलं लांब जाऊन उभी राहिली. "तुझी सगळी नाटकं मला कळतात. आधी माझ्यासकट तोलशील, मग मला उतरवशील आणि वजाबाकी करशील. गाडी वेगळी तोल. माझं मी सांगितलंय."

"अगं, पण खरं वजन..."

"मग मी काय खोटं सांगतेय?"

मी आकडा वाचला. गाडी भरली आठशे एकोणीस. कागदापेक्षा कितीतरी जास्त. आप्पांच्या जिवात जीव आला. भाऊजींनी तिथेच ट्रकवाल्यांच्या बाकावर बसून गणित पुन्हा केलं, खोडलं, पुन्हा केलं.

"एकोणपन्नास," ते म्हणाले. "वर थोडं. पण पन्नास म्हणता येणार नाही."

"किती कमी?" आप्पांनी विचारलं.

"एक घोडा. म्हणजे पाऊण घोडा म्हणा."

तुम्ही-आम्ही काय म्हणू? झाले की पन्नास, सोडा! पण ही मंडळी निराळी. भाऊजी पाऊण घोडा माफ करणार नाहीत आणि आप्पा माफी मागणार नाहीत. मग त्या हरवलेल्या घोड्याचा शोध सुरू झाला. टायरमधली हवा बघितली. भाऊजींनी घड्याळ उघडून पुसलं. रस्ता खरंच सपाट आहे का म्हणून गवंडी लावतात तशी पाण्याची नळी लावून तपासला, येणारे-जाणारे थांबून बघत होते. वेगाचा काटा दुसऱ्या गाडीशी ताडून पाहिला. सगळं जागच्या जागी. आम्ही गाडीचा कोपरा न् कोपरा धुंडाळला, फक्त ड्रायव्हरच्या सीटकडे कुणी बघायला तयार नव्हतं. मी बघत होतो, पण मला पुन्हा उन्हातान्हात चालत फिरायचं नव्हतं.

आणि मग ताई काय म्हणाली असेल? "ह्याच्या काट्यातच खोट असेल."

माझ्या काट्यात! माझं टाळकंच सटकलं. मला काही म्हण, नालायक म्हण, आळशी म्हण, पण काट्यावर बोट? मी शिक्का मारलेली वजनं आणली, एकेक करून सगळ्यांच्या देखत प्लॅटफॉर्मवर ठेवली आणि आकडा दाखवला. एका किलोचाही फरक नाही. "बघ, नीट बघ," मी म्हणालो. "माझा काटा कुणाची भीड ठेवत नाही." ताईने नाक मुरडलं आणि घरी गेली. पण जाताना तिचा चेहरा जरा उतरला होता, ते मी बघितलं.

त्यानंतर आप्पा शेडमध्ये जाईनासे झाले. घोड्याचं नाव काढलं नाही. जेवायचे, पेपर वाचायचे, पडून राहायचे. गाडीवर चादर घातलेली. मी मनात म्हणालो, रुसलेत, येतील ताळ्यावर. मग एका दुपारी काट्यावर बसलो असताना समोर हातगाडी येऊन थांबली. हातगाडीवर आप्पांची हत्यारांची ट्रंक आणि मागे आप्पा स्वतः.

"तोल," ते म्हणाले.

"आप्पा, हे काय?"

"लोखंड आहे. भंगारवाला किलोवर घेतो. हात धड चालत नाही, घोडा आला नाही, आता ठेवून काय करायचं? तोल आणि देऊन टाक. माझ्याच्याने ते व्हायचं नाही."

आणि वळून चालायला लागले. थांबवलं तर ऐकेनात. त्या ट्रंकेतले पाने मी लहानपणी तोंडात घातलेत, दात आले तेव्हाचे त्यांच्यावर ओरखडे असतील. ट्रंक काट्यावर टाकायला हात उठेना. तशीच उचलून खोलीत ठेवली, हमालाला लक्ष ठेवायला सांगितलं आणि धावत ताईच्या शाळेत गेलो.

ताई एका बाईंना टेबलावर गाडी मागे घ्यायला शिकवत होती. मी दारातूनच म्हणालो, "ताई, आप्पा हत्यारं मोडीत काढताहेत."

मला वाटलं ओरडेल, निदान मलाच दोन शब्द सुनावेल. तिने पायात चपला सरकवल्या. मग त्या बाईंना म्हणाली, "तुम्ही सरळ चालवत राहा, मी आले," आणि बाहेर पडली. बाई टेबल चालवत राहिल्या.

मी काट्यावर परत पोहोचलो. थोड्या वेळाने आप्पांची गाडी फाटकातून आत आली. ताईने चादर काढून ती स्वतः आणली होती. वाटेत पंपावर थांबून टाकीही भरली होती, म्हणजे मोजणी चुकायला नको. आता वेळ बघा कसली. भर दुपार, माल उतरवण्याची घाई, ट्रकवाले, हमाल, कारकून सगळे अंगणात. ताई सरळ लहान काट्यावर आली. इंजिन बंद केलं. काच खाली केली. आतच बसून राहिली.

"वाच," ती म्हणाली.

आता मी काय सांगू! उभा जन्म ह्या क्षणाची वाट बघितली होती. काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं, आणि आकडा समोर लागल्यावर ते सगळं विसरलो. "आठशे त्र्याण्णव," मी पुटपुटलो.

"मोठ्याने वाच. ट्रकवाल्यांना कसा बेंबीच्या देठापासून ओरडून सांगतोस?"

"आठशे त्र्याण्णव!"

"त्यातून आठशे एकोणीस गेले," ताई सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "चौऱ्याहत्तर. मी चौऱ्याहत्तर किलो आहे. कुणाला काही म्हणायचंय?"

एका हमालाला हसू फुटलं. ताईने त्याच्याकडे एकदाच बघितलं. तो पोती मोजायला लागला.

तिने तिथूनच भाऊजींना फोन लावला. "गणित परत करा. माझे चौऱ्याहत्तर घ्या." पलीकडे बराच वेळ नुसती खुडबुड. मग भाऊजींचा आवाज आला, माझ्यापर्यंत ऐकू आला, ह्या माणसाला इतकं ओरडताना मी कधी ऐकलं नव्हतं. "पन्नास! अगं पन्नास! वर एक दशांश!"

ताईने डोळे मिटले. भाऊजी भरात पुढे बोलून गेले, "मला वाटलंच होतं."

"काय वाटलं होतं?"

फोन कट झाला.

ट्रंक मागच्या सीटवर टाकून आम्ही घरी गेलो. वाटेत ताई मला म्हणाली, "हसायचं असेल तर आत्ता हसून घे. घरी नको." मला हसू येईना. तेही मी तिला सांगितलं नाही, उगाच डोक्यावर बसेल.

आप्पा मागच्या पायरीवर बसले होते. ट्रंक बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे परत कशाला आणलं?"

"पन्नास आहेत, आप्पा," ताई म्हणाली. "पन्नास आणि वर. माझं वजन चुकीचं धरलं होतं. मी अठ्ठावन्न नाही, चौऱ्याहत्तर आहे. आत्ताच तोलून आले, सगळ्या गोदामासमोर."

आप्पा ट्रंकेकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ते मला ठाऊक होतं."

"काय ठाऊक होतं?"

"तुझ्या शाळेच्या गाडीची सीट कोण भरतं? मीच ना? दोनदा स्प्रिंगा बदलल्या. अठ्ठावन्न किलोच्या माणसाखाली स्प्रिंग अशी बसत नाही. मी पंचाहत्तर धरून चाललो होतो."

ताईने मान खाली घातली. हे आमच्या घरात प्रथमच घडत होतं. "मग त्याच दिवशी बोलला का नाहीत? जावयांना नुसतं सांगायचंत, झाले असते की पन्नास!"

"जावयासमोर? ह्या शेंडेफळासमोर?" आप्पांनी माझ्याकडे हात केला. "एका घोड्यापायी पोरीला चारचौघांत खाली बघायला लावू होय?"

"आणि हत्यारं मोडीत काढायला निघालात ते?"

"मला ठाऊक असणं वेगळं, मोजून निघणं वेगळं. आपलं आपल्याला ठाऊक असून माणसाचं समाधान होत नाही. पण ते माझं दुःख. त्यात तुला कशाला ओढायचं?"

मग ताई रडली. मुसमुसणं वगैरे नाही, चांगली भोकाड पसरून रडली आणि रडता रडता बापावरच ओरडली, "पुढच्या वेळी बोलायचं, आप्पा! पंचाहत्तर झाले असले तरी बोलायचं!"

"बरं," आप्पा म्हणाले.

त्यांनी ट्रंक पायरीशी ओढून घेतली आणि कुलपाला किल्ली लावायला लागले. हात थरथरत होता, किल्ली भोकाच्या आजूबाजूला फिरत होती. मी पुढे झालो तर ताईने माझा दंड धरला. किल्ली आत जाईपर्यंत आम्ही दोघं तसेच उभे होतो.